सत्य-असत्य विधाने (इंग्रजी वाचन)

उताऱ्यावरून विधानांची सत्यासत्यता ठरवणे हा इंग्रजी वाचनाच्या सरावातील एक प्रश्नप्रकार आहे. लहान उताऱ्याखाली काही विधाने दिलेली असतात. प्रत्येक विधान उताऱ्याशी जुळते की नाही, हे विद्यार्थ्याने ठरवायचे असते. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकवली जाते. शालेय स्वाध्यायांत आणि राज्य मंडळाच्या दहावीच्या सरावात हा प्रकार ‘ट्रू ऑर फॉल्स’ या नावाने परिचित आहे.

स्वरूप

येथे ‘सत्य’ म्हणजे उताऱ्याने सांगितलेले किंवा त्यातून निश्चितपणे निघणारे. विधान प्रत्यक्षात खरे आहे का, हा प्रश्न वेगळा. गोंदिया जिल्ह्यातील आमगावविषयी पुढील आशयाचा इंग्रजी उतारा आहे असे समजू: आमगाव हे तालुक्याचे ठिकाण हावडा–नागपूर–मुंबई लोहमार्गावर आहे. धान हे परिसरातील मुख्य पीक आहे. जवळचे पद्मपूर हे संस्कृत नाटककार भवभूतीचे जन्मस्थान होय, असे काही अभ्यासक मानतात. इतरांना ते मान्य नाही.

‘आमगावला रेल्वेने जोडलेले आहे’ हे विधान शब्द निराळे असूनही जुळते. ‘भवभूतीच्या जन्मस्थानाबद्दल अभ्यासकांत एकमत आहे’ हे उताऱ्याच्या विरुद्ध जाते. ‘गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये स्थापन झाला’ हे विधान मात्र तिसऱ्याच प्रकारचे आहे. भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून १ मे १९९९ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला हे खरे. पण उताऱ्यात त्याचा उल्लेख नाही. अशा विधानावर आमगावच्याच विद्यार्थ्याची फसगत अधिक संभवते, कारण उत्तर त्याला आधीच ठाऊक असते.

तिसरा पर्याय

‘आयेल्ट्स’ या परीक्षेत अशा विधानांसाठी ‘नॉट गिव्हन’, म्हणजे ‘माहिती दिलेली नाही’, हा स्वतंत्र पर्याय असतो. केवळ दोन पर्याय असतील, तर अनुल्लेखित विधान देणे हा प्रश्नकर्त्याचाच दोष मानावा लागेल. शिवाय दोन पर्यायांत निव्वळ अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता ५० टक्के असते. म्हणून काही स्वाध्यायांत असत्य विधान दुरुस्त करून लिहायला किंवा आधाराचे वाक्य शोधायला सांगतात.

भाषिक अडचणी

मराठी भाषक विद्यार्थी बहुधा लहान शब्दांवर अडखळतात. ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे तरी, तर नुसते ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीतच. दोन्हींचे भाषांतर ‘थोडे’ असे केल्यास अर्थ उलटतो. ‘हार्डली’ आणि ‘अनलेस’ यांत नकार असतो, पण ‘नॉट’ दिसत नाही. ‘ऑल’ किंवा ‘ओन्ली’ असलेले विधान असत्यच असते, हा प्रचलित ठोकताळा विश्वासार्ह नाही. उताऱ्यातच ‘ऑल’ असेल, तर ते विधान सत्य ठरते.

संगणकशास्त्रात

यंत्राला भाषा कितपत कळते हे तपासण्यासाठी हीच त्रिविध विभागणी वापरतात: निष्पन्न, विसंगत आणि तटस्थ. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशा संचात सुमारे ५,७०,००० इंग्रजी वाक्यजोड्या आहेत.