‘आंजेलुस’ची बोली

प्रख्यात चित्रांना मिळणाऱ्या किमती रास्त असतात की नाही, हा वाद निघाला की मला फ्रेंच चित्रकार मिले याच्या ‘आंजेलुस’ची हकीकत आठवते, कारण चित्राच्या गुणांत तसूभरही फरक न पडता त्याची किंमत कशी व कोणाच्या हातून वाढत गेली, याचे इतके स्वच्छ दफ्तर क्वचितच हाती लागते.

फोंतेनब्लोच्या अरण्यालगत बार्बिझाँ या खेड्यात राहणाऱ्या मिलेने १८५७ ते १८५९ च्या दरम्यान, बटाटे काढता काढता सायंप्रार्थनेची घंटा कानी पडताच माना लववून उभे राहिलेले एक शेतकरी दांपत्य रंगविले. घंटा होताच आजी हातचे काम थांबवून मृतांसाठी प्रार्थना करावयास लावी, या बालपणीच्या स्मृतीतून हे हातभर लांबीचे चित्र उतरले. ज्या अमेरिकन गृहस्थासाठी ते काढले, असे सांगतात, तो ते न्यावयास आलाच नाही. अखेर १८६० साली ते हजार फ्रँकांना गेले आणि त्या चित्रापासून मिलेला व्हावयाची प्राप्ती तेथेच संपली.

पुढे ते सक्रेताँ नामक धनिकाच्या संग्रही आले. जगातील तांबे खरेदी करून भाव आपल्या मुठीत ठेवण्याचा या गृहस्थाचा घाट १८८९ च्या मार्चमध्ये कोसळला, पॅरिसची एक मातबर पेढी त्याबरोबर संकटात सापडली, आणि १ जुलै रोजी त्याच्या चित्रांचा जाहीर लिलाव पुकारला गेला. तो आयफेल मनोऱ्याचा आणि विश्वप्रदर्शनाचा उन्हाळा. अशा वेळी ‘आंजेलुस’ अमेरिकेत जावे, ही कल्पनाच फ्रेंचांना असह्य झाली, आणि राष्ट्राच्या वतीने बोली लावणाऱ्या आंतोनँ प्रूस्त यांनी ते ५,५३,००० फ्रँकांना घेतले. मात्र सरकारी खजिन्यातून त्या रकमेची मंजुरी मिळाली नाही, व चित्र शेवटी अमेरिकेलाच गेले! दुसऱ्याच वर्षी शोशार या दुकानमालकाने त्याहून मोठी रक्कम मोजून ते परत आणले आणि १९०९ साली मृत्युपत्रान्वये ते लूव्र संग्रहालयाच्या हवाली झाले.

या साडेपाच लाखांत तांब्याच्या दिवाळ्याचा वाटा किती, राष्ट्राभिमानाचा किती आणि कुंचल्याचा किती, याची वासलात कोणता कारकून लावील? माझ्या मते कुंचल्याचे दाम हजार फ्रँकांतही पुरते आले नव्हते. पुढची सारी वाढ खरेदीदारांच्या आपसांतल्या चुरशीची होती, आणि चित्रकाराशी तिचा काडीइतका संबंध नव्हता. मिले १८७५ सालीच वारला होता, आणि त्याच्या वारसांस त्या लिलावातून कवडीही मिळाली नाही.

हा अन्याय लोकांच्या मनात सलत राहिला. चित्रांचा लिलाव चालू असता बाहेर उभी असलेली चित्रकाराची फाटक्या वस्त्रांतली मुले फोरँ या व्यंगचित्रकाराने रेखाटली, आणि १९२० च्या मे महिन्यात फ्रान्सने कायदा करून पुनर्विक्रीच्या रकमेत चित्रकाराचा व त्याच्या वारसांचा अल्पसा हिस्सा मान्य केला. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असे कलम १९९४ च्या दुरुस्तीने आले. दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला मूळ चित्र पुन्हा विकले गेले, तर दहा टक्क्यांपर्यंत हिस्सा मागता येतो, परंतु कॉपीराइटची मुदत सरली की हक्कही सरतो. १९०६ साली निधन पावलेल्या राजा रविवर्म्याच्या चित्रांवर आज कोट्यवधींच्या बोल्या लागतात. त्यांतल्या एका रुपयावरही हा कायदा त्याच्या वंशजांना दावा सांगू देत नाही.