ऑलिम्पिकचे संकेतस्थळ आणि न लिहिलेले चार शब्द

१/ २४ ऑगस्ट २०००. सिडनी ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला अवघे तीन आठवडे उरले होते. त्या दिवशी ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने संयोजन समितीला आदेश दिला : संकेतस्थळावरील प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर द्या. मुदत १५ सप्टेंबर, म्हणजे उद्घाटनाचाच दिवस. मित्रहो, हा वाद समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

२/ आरंभीचे वेब म्हणजे जवळजवळ निव्वळ मजकूर. १९९३ मध्ये मोझेक ब्राउझरने मजकुरातच चित्रे दाखवण्याची प्रथा रूढ केली. मजकूर यंत्राला वाचून दाखवता येतो, ब्रेलमध्ये उमटवता येतो. चित्र मात्र मुके असते. त्याला वाचा देणारा ‘ऑल्ट’ मजकूर १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये ऐच्छिक होता. डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० ने तो अनिवार्य केला.

३/ मे १९९९ मध्ये सुगम्यतेची पहिली जागतिक मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांतील पहिलेच तत्त्व : जे मजकूर नाही, त्याला मजकुराचा पर्याय द्या. पुढच्याच महिन्यात ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने ऑलिम्पिक समितीविरुद्ध तक्रार नोंदवली. त्यांचे वाचन ब्रेलवर चालत असे. चित्रांच्या दुव्यांना नावे नव्हती आणि वेळापत्रकावरून क्रीडाप्रकारांच्या सूचीपर्यंत त्यांना जाता येत नव्हते.

४/ समितीने खर्चाचे कारण पुढे केले. केवळ निकालांच्या तक्त्यांसाठी एका माणसाला रोज आठ तासांप्रमाणे ३६८ दिवस लागतील, असा तिचा दावा होता. तक्रारदाराच्या बाजूच्या तज्ज्ञांचा हिशेब निराळा होता : एक अनुभवी विकसक, काही सहायक आणि चार आठवडे.

५/ आयोगाने १९९२ च्या अपंगत्व भेदभावविरोधी कायद्याखाली तक्रार मान्य केली. आदेशाचे पूर्ण पालन झाले नाही. क्रीडाज्योत विझल्यानंतर, नोव्हेंबरमध्ये, समितीला २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई देण्यास सांगण्यात आले. मॅग्वायर जिंकले खरे. पण ज्या सोहळ्यासाठी ते झगडले, तो तोवर संपला होता.

६/ नाव द्यावे हे ठरले. कसे द्यावे हा प्रश्न उरला. अर्थवाही चित्राला ऑल्ट मजकूर. निव्वळ शोभेच्या चित्राला रिकामा ऑल्ट, म्हणजे वाचक-प्रणाली ते ओलांडून पुढे जाते. अर्जातील रकान्याला एचटीएमएल ४.० मधलेच ‘लेबल’, डोळ्यांना दिसणारे आणि रकान्याशी जोडलेले. रकान्यातच फिकट अक्षरांत लिहिलेली सूचना त्याची जागा घेऊ शकत नाही. टंकन सुरू होताच ती नाहीशी होते.

७/ २०१४ मध्ये ‘आरिया’ हे प्रमाण मान्य झाले. त्यातील ‘आरिया-लेबल’ पडद्यावर न दिसता केवळ वाचक-प्रणालीला नाव पुरवते. ते दिले की मूळ लेबल झाकले जाते. पडद्यावर ‘शोधा’ आणि आत भलतेच नाव असेल, तर आवाजाने संगणक चालवणाऱ्याची ‘शोधा’ ही आज्ञा फुकट जाते. म्हणून २०१८ च्या तत्त्वांनी बजावले : दिसणारे शब्द आतल्या नावात असलेच पाहिजेत.

८/ यातून निवडीचा क्रम उलगडतो : आधी दिसणारे लेबल, तेच शब्द पानावर अन्यत्र असतील तर त्यांच्याशी जोडणी, दिसणारे शब्द नसतील तेव्हाच अदृश्य नाव. मराठी पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवणे आणि नावेही मराठीतच देणे हा त्याच शिस्तीचा भाग.

९/ सिडनीचा धडा साधा आहे. पान रचतानाच लिहिलेले चार शब्द जवळजवळ फुकट असतात. तेच मागाहून लिहायचे ठरले, की ३६८ दिवसांचा हिशेब मांडला जातो आणि तोवर कुणीतरी दाराबाहेर उभा असतो.