हरित जालपंखी कीटक : वर्गीकरणाचा इतिहास

हरित जालपंखी कीटक : न्यूरॉप्टेरा (जालपंखी) गणातील क्रायसोपिडी कुलाच्या कीटकांना ही संज्ञा लावतात. त्यांचे पंख पातळ, पारदर्शक व शिरांच्या दाट जाळीने व्यापलेले असून विश्रांतीच्या वेळी ते उदरावर घराच्या छपरासारखे उतरते मिटलेले असतात. शरीर बहुधा फिकट हिरवे, डोळे सोनेरी चकाकीचे आणि शृंगिका दोऱ्यासारख्या लांब असतात. अंडी केसाएवढ्या बारीक देठांच्या टोकांवर घातली जातात. डिंभ (अळ्या) मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण यांसारख्या मऊ शरीराच्या कीटकांवर व त्यांच्या अंड्यांवर उपजीविका करतात. या कुलात सु. ८० प्रजाती व सु. १,४०० जाती असून त्या जवळजवळ सर्व जगभर आढळतात. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना हे कीटक ‘क्रायसोपा’ या नावाने परिचित आहेत.

पंखांवरील जाळीमुळे या कीटकांना त्यांचे नाव मिळाले. परंतु त्यांचे खरे आप्त कोण, हे ठरविताना हीच जाळी दीर्घकाळ दिशाभूल करणारी ठरली. या गटाच्या वर्गीकरणाचा इतिहास म्हणजे पंखांकडून डिंभांकडे, डिंभांकडून जननेंद्रियांकडे आणि अखेरीस कीटकांच्या परस्परसंकेतांकडे वळत गेलेल्या निरीक्षणाचा इतिहास होय.

प्रारंभीची निरीक्षणे : फ्रेंच निसर्गवैज्ञानिक रेओम्यूर यांनी कीटकांवरील आपल्या ग्रंथमालेच्या १७३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या खंडात या डिंभांचे वर्णन केले व मावा खाण्याच्या त्यांच्या सवयीवरून त्यांना ‘माव्याचे सिंह’ असे नाव दिले. पानांवर उभी असलेली देठयुक्त अंडी त्या काळी वनस्पतीची वाढ समजली जात. ती कीटकाची अंडी आहेत हे त्यांच्या निरीक्षणांतून स्पष्ट झाले. मात्र रेओम्यूर यांचा भर जीवनक्रमावर होता. गटांच्या शास्त्रशुद्ध मांडणीवर नव्हता.

लिनीअस यांचा गण : स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांनी सिस्टिमा नॅचुरी या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत (१७५८) कीटकांचे गण मुख्यतः पंखांच्या लक्षणांवरून पाडले. चार उघडे, जाळीदार शिरांचे पंख असलेल्या कीटकांना त्यांनी न्यूरॉप्टेरा या गणात ठेवले. या गणात सहा प्रजाती होत्या. त्यांत चतुर, मे-माश्या, कॅडिस माश्या, वृश्चिकमाश्या, सर्पमाश्या आणि हेमेरोबियस हे सर्व एकत्र आले. आज क्रायसोपा पर्ला या नावाने ओळखली जाणारी हरित जालपंखी जाती हेमेरोबियस प्रजातीतच होती आणि मुंगीसिंहाचाही समावेश तीतच केलेला होता. मुंगीसिंहासाठी मिरमेलिऑन ही वेगळी प्रजाती लिनीअस यांनी १७६७ मध्ये केली. ही व्यवस्था वापरण्यास सोपी होती, परंतु तिच्यामुळे परस्परांशी दूरचेच नाते असलेले कीटक केवळ पंखांच्या साम्यावरून एका छत्राखाली आले.

गणाचे विभाजन : पुढील दीडशे वर्षांत या गणातून एकेक गट बाहेर पडत गेला. फाब्रिसियस यांनी मुखांगांच्या रचनेवर भर देऊन १७९३ मध्ये चतुरांचा ओडोनाटा हा गण वेगळा केला. कॅडिस माश्यांना कर्बी यांनी १८१३ मध्ये ट्रायकॉप्टेरा हे नाव दिले. रूपांतरणाचा प्रकार हे या छाननीतील सर्वांत महत्त्वाचे लक्षण ठरले. चतुर व मे-माश्या यांच्या जीवनक्रमात कोशावस्था नसते, तर हरित जालपंखी कीटकांत अंडे, डिंभ, कोश व प्रौढ अशा चारही अवस्था असतात. या भेदाच्या आधारे जर्मन कीटकवैज्ञानिक एरिक्सन यांनी १८३९ मध्ये अपूर्ण रूपांतरणाचे गट न्यूरॉप्टेरातून काढून ऑर्थॉप्टेराकडे वळविले. वृश्चिकमाश्यांचाही पुढे मेकॉप्टेरा हा स्वतंत्र गण मानला गेला. विसाव्या शतकात सर्पमाश्या (रॅफिडिऑप्टेरा) व मेगॅलोप्टेरा यांनाही स्वतंत्र गणांचा दर्जा मिळत गेला. हे दोन गण व न्यूरॉप्टेरा मिळून न्यूरॉप्टेरिडा हा महागण आज मानला जातो.

कुलाची स्थापना : इंग्लिश प्राणिवैज्ञानिक विल्यम लीच यांनी १८१५ मध्ये एडिंबरो एन्सायक्लोपीडिया या विश्वकोशातील लेखात क्रायसोपा ही प्रजाती प्रस्थापित केली. ‘सोने’ व ‘डोळा’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव बनले आहे. ब्रेस्लाऊ येथील श्नायडर यांनी १८५१ मध्ये या प्रजातीवरील लॅटिन प्रबंध प्रसिद्ध केला. क्रायसोपिडी हे कुलनाम त्यांच्याच नावे नोंदले जाते.

डिंभ व शिरा यांचा पुरावा : पंखांतील शिरांना सर्व कीटकांसाठी समान नावे देण्याची पद्धत कॉमस्टॉक व नीडम यांनी १८९८-९९ मध्ये मांडली आणि ऑस्ट्रेलियात टिलयर्ड यांनी जालपंखी कीटकांच्या शिरांचा सूक्ष्म अभ्यास केला. विदिकोम यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात डिंभांवर विशेष लक्ष केंद्रित केले. प्रौढांचे पंख कितीही भिन्न असले, तरी न्यूरॉप्टेराच्या डिंभांत जंभ व जंभिका एकत्र येऊन भक्ष्यातील रस शोषणारी नळी तयार होते. त्यांचे मध्यांत्र पश्चांत्राकडे बंद असते, त्यामुळे घन विष्ठा प्रौढावस्था येईपर्यंत शरीरातच साठून राहते. तसेच कोशाचे रेशीम मालपीगी नलिकांत तयार होते. ही लक्षणे गणाची एकात्मता पंखांपेक्षा कितीतरी अधिक खात्रीने दाखवितात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जननेंद्रियांच्या घडणीला महत्त्व आले. स्वीडिश संशोधक टेडर यांचे दक्षिण आफ्रिकेतील क्रायसोपिडीवरील कार्य (१९६६) या दृष्टीने उल्लेखनीय आहे. हंगेरीत श्टाइनमान यांनी १९६४ मध्ये क्रायसोपर्ला हे नाव प्रथम योजले. या गटाचे प्रौढ मधुरस, पराग व माव्याने स्रवलेला गोड द्रव यांवर जगतात, तर क्रायसोपाचे प्रौढही शिकारी असतात. ब्रुक्स व बर्नार्ड यांनी १९९० मध्ये जगातील सर्व प्रजातींचा आढावा घेऊन कुलाची नोथोक्रायसिनी, ॲपोक्रायसिनी व क्रायसोपिनी या तीन उपकुलांत मांडणी केली.

कार्नियाचा प्रश्न : स्टीफन्स यांनी १८३६ मध्ये क्रायसोपा कार्निया ही जाती वर्णिली. हिवाळ्यात तिला येणाऱ्या मांसवर्णी छटेचा निर्देश या नावात आहे. श्नायडर यांचे व्हल्गॅरिस हे नाव याच जातीसाठी दीर्घकाळ रूढ होते. पुढे फिच यांनी १८५५ मध्ये वर्णिलेली अमेरिकेतील प्लोराबुंडा ही जातीही टेडर यांनी १९६० मध्ये कार्नियातच विलीन केली. त्यामुळे एकच जाती उत्तर गोलार्धात सर्वत्र पसरली आहे, असा समज दृढ झाला.

अमेरिकन संशोधक चार्ल्स हेन्री यांच्या अभ्यासाने त्याला धक्का दिला. हे कीटक उदर थरथरवून पानांतून व देठांतून कंपने पाठवितात. ही कंपने माणसाला ऐकू येत नाहीत. नर व मादी त्यांना आळीपाळीने प्रतिसाद देतात आणि संकेत जुळल्यासच समागम होतो. दिसण्यात एकरूप असलेल्या समूहांचे संकेत मात्र भिन्न निघाले. याच आधारावर १९९३ मध्ये अमेरिकेतील ॲडम्साय व जॉन्सोनाय या दोन जाती वेगळ्या करण्यात आल्या. आता कार्निया हा अनेक प्रच्छन्न जातींचा समूह मानला जातो.

हा वाद केवळ नावापुरता नाही. भारतात किडींच्या जैव नियंत्रणासाठी तांदळावरील पतंगाच्या अंड्यांवर हे कीटक मोठ्या संख्येने वाढवून शेतात सोडले जातात, आणि पुस्तकांत व पत्रकांत त्यांचे नाव क्रायसोपर्ला कार्निया असेच येत असे. हेन्री व त्यांच्या भारतीय आणि यूरोपीय सहकाऱ्यांनी २०१० मध्ये कंपनसंकेत व शरीररचना तपासून भारतीय पिकांवरील ही महत्त्वाची जाती क्रायसोपर्ला झास्ट्रोवी सिलेमाय असल्याचे दाखविले. दक्षिण आफ्रिकेतील झास्ट्रोवी या जातीची ही उपजाती आहे. जाती वेगळी असली, तर तिचा जीवनक्रम, हवामानाची सहनशीलता व सुप्तावस्था यांविषयी यूरोपातील कार्नियावरून काढलेले निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. परदेशातून कीटक आणून सोडताना तर त्यांची ओळख अचूक असणे अत्यावश्यक ठरते.

आधुनिक मत : जनुकीय अनुक्रमांच्या अभ्यासातून न्यूरॉप्टेरिडा महागणाचे भुंगेऱ्यांच्या गणाशी जवळचे नाते दिसून आले आहे. गणाच्या अंतर्गत, अत्यंत लहान व मेणचट भुकटीने माखलेल्या कोनिऑप्टेरिजिडी कुलाची शाखा सर्वांत आधी फुटली असावी, असे मानले जाते. हरित व तपकिरी जालपंखी (हेमेरोबिडी) ही कुले परस्परांची निकटतम आप्त होत, हे परंपरागत मतही २०१८ मधील विस्तृत जनुकीय विश्लेषणानंतर डळमळीत झाले आहे. त्यांच्या डिंभांतील साम्य समान राहणीमुळे स्वतंत्रपणे उद्भवले असण्याची शक्यता आहे. लिनीअस यांनी पंखांवर ठेवलेला विश्वास जसा अपुरा ठरला, तसाच डिंभांचा पुरावाही इतर पुराव्यांशी पडताळून घ्यावा लागतो.