ॲपर्चर-यंत्रणेची दुरुस्ती (अंकीय कॅमेरा)

भिंगातून आत येणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण ठरविणारे, पातळ पात्यांच्या जुळणीमुळे लहानमोठे होणारे जे छिद्र, त्यास ॲपर्चर म्हणतात. कॅननच्या १९८७ मधील ईएफ पद्धतीत ते भिंगातीलच मोटर चालविते. पेंटॅक्सच्या १९७५ पासूनच्या के-माउंटमध्ये मात्र कॅमेऱ्यातील तरफ भिंगातील तरफेस हलविते, आणि दुरुस्तीच्या दृष्टीने हाच प्रकार अधिक उद्बोधक आहे.

दोष : पेंटॅक्सच्या के-३० (२०१२), के-५० (२०१३) व नंतरच्या काही कॅमेऱ्यांत, विशेषतः कॅमेरा काही दिवस पडून राहिला असता, प्रारंभीची चित्रे काळोखी उमटतात आणि पुढे सर्वच तशी येऊ लागतात. याचे मूळ भिंगात वा संवेदकात नसून तरफेचे नियमन करणाऱ्या चिमुकल्या विद्युत् चुंबकात असते. त्यातील स्थायी चुंबकाने धरून ठेवलेला, इंग्रजी यू अक्षरासारखा लोखंडी तुकडा, वेटोळ्यातून क्षणमात्र प्रवाह गेला म्हणजे स्प्रिंगच्या जोराने सुटावा अशी तजवीज असते. तो वेळेवर सुटला नाही, की पाती मिटत जाऊन छिद्र किमान आकारास पोहोचते. अवशिष्ट चुंबकत्व वाढते की मूळ घडणीतच कसूर आहे, याविषयी कारागिरांत एकमत नाही.

दुरुस्ती : बॅटरी काढल्यावरही फ्लॅशच्या धारित्रात सुमारे ३०० व्होल्ट दाब राहू शकतो, तो रोधकातून उतरविल्यावाचून आत हात घालू नये. स्क्रू जपानी मानकाचे असल्याने साध्या फुलीच्या पेचकसाने त्यांची डोकी झिजतात. आवरण उतरवून चुंबक मोकळा केल्यावर दोन मार्ग उरतात : तुकड्याचे चुंबकास टेकणारे टोक बारीक कानशीने किंचित घासून पकड सैल करणे, अथवा जुन्या पेंटॅक्स कॅमेऱ्यातील पांढऱ्या चौकटीचा जपानी चुंबक दोन तारांना डाख देऊन बसविणे. पहिला मार्ग बिनखर्चाचा खरा, परंतु घासणे जरा अधिक झाले तर तुकडा भलत्याच वेळी सुटू लागतो आणि गेलेले लोखंड परत येत नाही. यास्तव दर एकदोन हातांनंतर पारख करावी, आणि चुंबकास चिकटणारा लोहकीस चिकटपट्टीने टिपूनच जुळणी करावी. दुसरा मार्ग अधिक टिकाऊ.

भिंगातील दोष : पात्यांवर तेल उतरल्यास ती सुटी करून द्रावकाने पुसतात.

२०१६ पासूनच्या केएएफ४ भिंगांत छिद्र विद्युत् आज्ञेने हलत असल्याने त्यांत कॅमेऱ्यातील तरफेचा उपयोग होत नाही.