न भरणारी जखम आणि काचपट्टीवरची तपासणी

काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील एका काकांच्या नाकाशेजारी मसुराएवढा फोड आला. दाढी करताना लागले असेल म्हणून आधी हळद, मग एक मलम, मग दुसरे मलम असे करत दीड वर्ष गेले. खपली धरायची, पडायची, पुन्हा रक्त यायचे. ‘सुरी लागली की रोग पसरतो’ या भीतीने काका डॉक्टरांना दाखवत नव्हते. अखेर मुलीने हट्टाने त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. फोड थोडा खरवडून नमुना घ्यायला दहा मिनिटेही लागली नाहीत. निदान त्वचेच्या कर्करोगाचे निघाले. शस्त्रक्रियेने काका बरे झाले, पण तोवर जागा पसरल्यामुळे दुसरीकडची त्वचा लावावी लागली.

आम्ही डॉक्टर नाही, उभी हयात बँकेत गेली. तरीही सभासदांना उपयोगी पडावी म्हणून या तपासणीची माहिती येथे एकत्र करत आहोत.

त्वचेच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार

बेसल सेल कार्सिनोमा: बहुधा चेहऱ्यावर होतो. चकचकीत कडेचा फोड किंवा न भरणारी लहान जखम असे त्याचे रूप असते. शरीरात दूरवर तो क्वचितच पसरतो, पण दुर्लक्ष केल्यास नाक, पापणी, कान कुरतडत जातो. सावळ्या त्वचेवर तो पुष्कळदा काळपट दिसतो आणि तीळ समजला जातो.

स्क्वॅमस सेल कार्सिनोमा: खरखरीत, जाड, रक्त येणारी जखम. जुना भाजल्याचा व्रण किंवा वर्षानुवर्षे न भरलेली जखम यांतही तो उद्भवतो. हा लसिकाग्रंथींमध्ये पसरू शकतो.

मेलानोमा: रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा कर्करोग. तिघांत सर्वांत धोक्याचा. आपल्याकडे तळपाय, तळहात आणि नखाखाली विशेष लक्ष ठेवावे.

पेशींचा नमुना कसा घेतात?

स्त्रियांच्या पॅप तपासणीचे नाव बहुतेकांनी ऐकले असेल. तत्त्व तेच आहे. रोगट जागेच्या पेशी अलगद काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. त्वचेसाठी ही पद्धत पॅरिसचे डॉक्टर आर्नो झांक यांनी 1947 मध्ये मांडली.

डॉक्टर आधी खपली काढतात. मग लहान पात्याने जागा हलकेच खरवडतात आणि निघालेला अंश काचपट्टीवर पसरतात. पट्टी रंगवून पॅथॉलॉजिस्ट पेशींचा आकार, केंद्रक आणि मांडणी पाहतात. बेसल सेल प्रकारात गडद केंद्रकाच्या लहान पेशींचे घट्ट पुंजके दिसतात. टाका लागत नाही, व्रण जवळजवळ राहत नाही. सोय असेल तर निदान त्याच दिवशी कळू शकते. त्वचेखाली गाठ असेल किंवा लसिकाग्रंथी सुजली असेल, तर बारीक सुईने पेशी ओढून घेतात. ही एफएनएसी तपासणी.

बायोप्सीत मात्र जागा बधिर करून त्वचेचा लहान तुकडा काढतात आणि गरजेनुसार टाका घालतात. अहवालाला काही दिवस लागतात.

भरवसा कितपत?

कॉक्रेन संस्थेने 2018 मध्ये या विषयावरील नऊ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. बेसल सेल कर्करोग असलेल्या दर 100 जागांपैकी सुमारे 97 या तपासणीत सापडल्या. नसलेल्या 100 पैकी सुमारे 90 जागांबाबत ‘नाही’ हे उत्तर बरोबर आले. मात्र बहुतेक जागा तज्ज्ञांना आधीच संशयास्पद वाटलेल्या होत्या. इतर प्रकारांबद्दल पुरावा अपुरा आहे.

मर्यादा आणखीही आहेत. सुट्या पेशींवरून रोग किती खोल गेला आहे आणि त्याचा उपप्रकार कोणता, हे कळत नाही. म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी बायोप्सी सांगितली तर ‘एकदा झाली ना तपासणी’ म्हणून वाद घालू नये. मेलानोमाचा संशय असेल तर खरवडण्यावर भागत नाही. शक्यतो संपूर्ण डाग काढून तपासावा लागतो, कारण पुढचे उपचार त्याच्या खोलीवर ठरतात.

आपल्या पेहरावाशी असलेला संबंध

मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सहकाऱ्यांनी 1945 मध्ये ‘धोतर कर्करोगा’ची नोंद केली. धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेवर एकाच जागी काचल्याने होणारा हा कर्करोग. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी परकराच्या नाडीमुळे किंवा घट्ट नेसण्यामुळे कमरेवर जखम होऊन कर्करोग झालेल्या दोन वृद्ध स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. घरातल्या आजी-मावशींच्या कमरेवर काळा, खरखरीत पट्टा किंवा जखम असेल तर नाडी सैल करावी, रुंद पट्टा वापरावा आणि जागा दाखवून घ्यावी. लाजेपोटी हे सांगितले जात नाही, म्हणून आपणच विचारलेले बरे.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

- चार आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा भरून पुन्हा उघडणारी
- आकार, रंग किंवा कड बदलणारा तीळ
- जुन्या भाजलेल्या व्रणावर नवी गाठ किंवा जखम
- तळपायावरचा किंवा नखाखालचा वाढता काळा डाग

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

1. नमुना घेतल्याने त्वचेचा कर्करोग पसरतो, हा समज निराधार आहे. रोग वाढतो तो वाट पाहण्यात.
2. चामखीळ समजून चुना लावणे, केसाने बांधणे किंवा जाळून घेणे टाळावे. जागा नष्ट होते आणि तपासायला काही उरत नाही.
3. डॉक्टरांनी काहीही कापून काढले, तर ते तपासणीला पाठवले का, हे विचारावे. अहवाल जपून ठेवावा.
4. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगावे. स्वतःहून बंद करू नये.
5. अहवालात ‘कर्करोग नाही’ असे आले, पण जखम भरत नसेल, तर पुन्हा जावे. बँकेत हिशेब जुळला तरी रोकड कमी भरली, तर आम्ही पुन्हा मोजत असू. इथेही तसेच.

वरील माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र काकांसारखे दीड वर्ष कोणी घालवू नये, एवढीच आमची विनंती. घरातील ज्येष्ठांना हा लेख अवश्य वाचून दाखवावा.