घर, शेजार आणि सनद : नाशिकच्या वसाहतींच्या इतिहासातील काही प्रकरणे

नाशिक नऊ टेकांवर वसले असे जुनी माणसे सांगत आली. त्या टेकांच्या उतारांवर, गोदावरीच्या घाटांपासून भद्रकालीपर्यंत दाटीने उभ्या राहिलेल्या वाड्यांत घर बांधणाऱ्यास शेजाऱ्यावाचून दुसरा नियामक ठाऊक नव्हता. भिंत सामाईक; एकाच्या पन्हळीचे पाणी दुसऱ्याच्या बोळात; एकाची नवी खिडकी दुसऱ्याच्या चौकावर उघडली की तंटा उभा राही. तो पंचांपुढे जाई, आणि पंच बहुधा एकच प्रश्न विचारीत : पूर्वापार वहिवाट काय आहे? नाशिकची नगरपालिका १८६४ साली स्थापन झाली. वहिवाटीस लेखी कायद्याचे रूप मात्र १८८२ च्या अधिनियमाने आले, आणि तोही मुंबई इलाख्यास १८९१ मध्ये लागू झाला. वीस वर्षे अखंड उपभोगलेला उजेड व वारा शेजाऱ्यास अडविता येत नाही, हे तत्त्व त्यात आहे. आज ज्यांच्या दक्षिणेच्या खिडकीपुढे सात मजली इमारत उभी राहत आहे, त्यांपैकी फारच थोड्यांस या जुन्या हक्काची आठवण असते.

गावठाण सोडून मोकळ्यावर राहावे ही कल्पना आपल्याकडे सुखासाठी नव्हे, भयापोटी रुजली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला व पुढील वर्षांत तो दख्खनभर पसरला. लोक गावाबाहेर झोपड्या घालून राहू लागले आणि साथ ओसरली की परतत. त्या परतण्याच्या वेळी प्रत्येक घरात प्रश्न निघे, की याच कोंदट आळीत पुन्हा का जावयाचे? मुंबईत सरकारने १८९८ साली सुधारणा विश्वस्त मंडळ, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील ‘इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’, स्थापन केले. दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर त्याने रस्ते आखले, भूखंड पाडले आणि ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. या पट्ट्यांतच इमारत कशी असावी, भोवती किती जागा सोडावी, वापर कशासाठी करावा, या अटी लिहिलेल्या होत्या. हिंदू कॉलनी व पारशी कॉलनी या वसाहती त्यातूनच निघाल्या. हिंदुस्थानातील पहिला नगररचना कायदाही मुंबई इलाख्यातच १९१५ साली झाला.

त्याच १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदविली गेली. तिचे प्रवर्तक रावबहादूर श्रीपाद सुब्राव तळमकी. याच गृहस्थांनी १९०६ साली शामराव विठ्ठल सहकारी बँकेचा पाया घातला होता. एका ज्ञातीतील मध्यम स्थितीच्या कुटुंबांनी थोडे थोडे भांडवल जमवून, सावकाराच्या दारी न जाता, सामाईक मालकीची घरे उभारावी, हा प्रयोग त्या काळी धाडसाचा होता. पुढे मुंबई, पुणे व इतर शहरांत निघालेल्या कित्येक ज्ञातिवसाहतींना तो उदाहरण झाला. आपल्यासारख्या संस्थांच्या स्मरणिकांत या इतिहासाचा गौरव वारंवार होतो आणि तो योग्यच आहे. परंतु अशा वसाहतीचे पुढे काय होते, म्हणजे पहिली पिढी गेल्यावर तिच्या अटी कोण पाळतो व कोण मोडतो, याविषयी फारसे लिहिले जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

येथे थोडे विषयांतर करून इंग्लंडात जाणे भाग आहे, कारण आपल्या कायद्याचे मूळ तेथे आहे. लंडनमध्ये लेस्टर स्क्वेअर नावाचा चौक आहे. त्याच्या मधली बाग १८०८ साली मालकाने विकली. अट अशी, की ती बाग म्हणूनच राखावी, तीवर इमारत बांधू नये. जमीन हातोहात फिरत मॉक्सहे नावाच्या गृहस्थाकडे आली. त्याच्या खरेदीखतात ती अट नव्हती. मात्र ती त्याला ठाऊक होती. त्याने बांधकामाचा घाट घातला तेव्हा मूळ मालक टल्क न्यायालयात गेला. १८४८ साली न्यायालयाने ठरविले, की अट ठाऊक असूनही जमीन घेणाऱ्यास ती मोडता येणार नाही. हेच तत्त्व आपल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या चाळिसाव्या कलमात उतरले. सुज्ञ वाचकांच्या ध्यानात येईल, की सगळा भर ‘ठाऊक असणे’ या दोन शब्दांवर आहे. कागद जपून ठेवणाऱ्या शेजाऱ्याची अट जगते आणि कागद हरवलेल्या शेजाऱ्याची अट त्याच्याबरोबर जाते.

आता नाशिककडे वळू. शरणपूर रस्ता, गंगापूर रस्ता, कॉलेज रस्ता या भागांत एके काळी मळे होते. काही वस्त्यांच्या नावांत ‘मळा’ हा शब्द अजून टिकून आहे. मळेमालक जमीन बिनशेती करून घेई, अभिन्यास मंजूर करवी आणि भूखंड विकी. जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणारी बिनशेती सनद हीच त्या वसाहतीची घटना होय. भूखंडाचा अमुक भागच बांधावा, रस्त्यापासून व शेजाऱ्यापासून अमुक अंतर सोडावे, वापर राहण्यापुरताच असावा, परवानगीवाचून भूखंडाचे तुकडे करू नयेत, अशा अटी तीत बहुधा असत. अभिन्यासात काही जागा सर्वांसाठी खुली ठेवलेली असे. शिक्षक, कारकून, वकील, नाशिक रोडच्या छापखान्यातील नोकर अशा लोकांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून तेथे बैठे बंगले बांधले. पुढे आंबा, पारिजातक, तुळशीवृंदावन आणि मागे विहीर, असा तो थाट असे. सनदेची प्रत ट्रंकेत तळाशी गेली ती गेलीच.

या शांत वसाहतींवर तीन बाजूंनी पाणी चढले. पहिले कारण कायदा. राज्याचा प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. विकास आराखडा, आरक्षणे व चटई क्षेत्र निर्देशांक ही त्या युगाची भाषा. सनद भूखंडावर किती जमीन झाकावी हे सांगत होती. निर्देशांक त्याच जमिनीवर एकूण किती बांधावे हे सांगू लागला, आणि मग मजले चढण्यास वाट मोकळी झाली. दुसरे कारण लोकसंख्या. सातपूर-अंबडचे कारखाने, ओझरचा विमान कारखाना, सिडकोने उभारलेले नवे नाशिक यांनी शहराचा चेहरा बदलला. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिक रोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका व आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली, तिचे क्षेत्र सुमारे २५९ चौरस किलोमीटर. १९९१ च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे ६ लाख ५७ हजार होती. २०११ मध्ये ती १४ लाख ८६ हजारांवर गेली. तिसरे कारण घरातलेच. मुले मुंबई-पुण्यास वा परदेशी गेली, बंगल्यात दोन वृद्ध उरले, आणि बिल्डर दारी आला. (या बिल्डरास ‘विकसक’ असे भारदस्त नाव अलीकडे मिळाले आहे. बंगला पाडण्याला विकास म्हणावे की नाही, हा वाद येथे नको.)

या स्थित्यंतरात सर्वांत जास्त तंटे झाले ते खुल्या जागेवरून. अभिन्यासातील ही जागा महसुली दप्तरात मूळ मळेमालकाच्याच नावे राहते. तीस-चाळीस वर्षांनी त्याचे वारस सातबारा काढून पाहतात, त्यावर आजोबांचे नाव असते आणि मध्यस्थ गिऱ्हाईक घेऊन उभा असतो. ज्यांची मुले त्या जागेवर क्रिकेट खेळून मोठी झाली त्या रहिवाशांस एके सकाळी तारेचे कुंपण दिसते. कायदा कोणाच्या बाजूने? दिल्लीच्या चेतराम वशिष्ठ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जो निर्णय दिला तो दुधारी आहे. महापालिकेस ती जागा फुकट आपल्या मालकीची करून घेता येणार नाही; परंतु मालकही तिचा केवळ विश्वस्त आहे, ज्या हेतूने जागा सोडली त्या हेतूसाठीच ती राखली पाहिजे. त्यापूर्वी १९९१ साली बंगळुरूच्या मुद्दप्पा प्रकरणात, उद्यानासाठी राखलेली जागा खासगी शुश्रूषागृहास देणे न्यायालयाने अवैध ठरविले, आणि त्या वस्तीतील साध्या रहिवाशास दाद मागण्याचा अधिकार आहे हेही स्पष्ट केले. माझ्या मते या सर्व न्यायनिर्णयांत वसाहतीतील माणसास सर्वांत उपयोगी पडणारे वाक्य हेच. ‘तुमचा काय संबंध?’ हा प्रश्न त्याला कार्यालयाच्या खिडकीशी नेहमी ऐकावा लागतो.

आरक्षण बदलण्याच्या बाबतीत पुण्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. प्रभात रस्त्यावरील प्राथमिक शाळेसाठी राखलेल्या भूखंडाचे आरक्षण हलवून तेथे निवासी इमारत उभी राहिली. नागरिकांनी याचिका केली. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ साली तो बदल बेकायदा ठरविला व डिसेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर जोशी यांच्या नावाने हे प्रकरण कायद्याच्या पुस्तकांत नोंदले गेले आहे. दोन न्यायालयांच्या निकालांमध्ये बारा वर्षे गेली. पहिल्या निकालाच्या वर्षी शाळेत घालावयाचे मूल तोवर महाविद्यालयात गेले असेल.

सदनिकाधारकांसाठी राज्याने १९६३ साली स्वतंत्र कायदा केला होता. मंजूर नकाशा दाखविणे, करार नोंदविणे, संस्था स्थापून जमिनीचे अभिहस्तांतरण करून देणे, ही सर्व कर्तव्ये त्यात होती. अभिहस्तांतरणाचे कलम मात्र वर्षानुवर्षे कागदावरच राहिले, कारण जमीन आपल्या नावे ठेवण्यातच बिल्डरचे हित होते : निर्देशांक वाढला की वरचा मजला त्याचा. शेवटी २००८ साली ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद करावी लागली. वाहने उभी करण्याची खांबांमधील जागाही विकली जात असे. ती वेगळी विकता येत नाही, हे दहिसरच्या पांचाली संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले. १ मे २०१७ पासून स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, म्हणजे ‘महारेरा’, कार्य करू लागले. दोनतृतीयांश ग्राहकांच्या संमतीवाचून मंजूर नकाशात मोठा फेरबदल करू नये, हा त्या कायद्याचा दंडक आहे.

आता एक नाजूक गोष्ट. ज्ञातिवसाहतीतील घर ज्ञातीबाहेर विकू नये, ही अट टिकते काय? अहमदाबादेतील १९२६ च्या पारशी गृहनिर्माण संस्थेत हाच वाद झाला. एका सभासदास जुना बंगला पाडून सदनिका बांधावयाच्या होत्या. पुढे व्यवहार बिल्डरपर्यंत गेला आणि संस्थेने हरकत घेतली. एप्रिल २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संस्थेची उपविधी वैध ठरविली. हा निर्णय आपल्यापैकी कित्येकांनी आनंदाने कात्रण काढून ठेवला आहे. अमेरिकेत मात्र १९४८ सालीच, काळ्या माणसास घर विकू नये अशी अट न्यायालयाने अंमलात आणू नये, असा निकाल झाला होता. माझे मत स्पष्ट आहे. झाड तोडू नये, मोकळी जागा झाकू नये, शेजाऱ्याचा उजेड अडवू नये, या अटींचा लाभ पुढे येणाऱ्या कोणासही होतो. अमक्यास येऊ देऊ नये ही अट तशी नव्हे. शिवाय अनुभव असा, की स्वज्ञातीचा बिल्डरही शेजाऱ्याचे सामासिक अंतर खाताना ज्ञाती पाहत नाही.

असो. नाशिकचे खास प्रकरण म्हणजे कपाटांचे. घराबाहेर काढलेल्या कपाटाचे क्षेत्र निर्देशांकात धरू नये अशी सवलत नियमांत होती. बांधणाऱ्यांनी कपाटे वाढविली, मधली भिंत काढली व ती जागा खोलीत घेतली. २०१५ च्या सुमारास पालिकेने अशा इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले रोखले. चूक बांधणाऱ्याची, डोळेझाक तपासणाऱ्याची, आणि हप्ते भरणारा मात्र घर घेणारा. दाखला नाही म्हणून कर्जाची अडचण, संस्थेच्या नोंदणीची अडचण. पैसे भरून राहण्यास आलेली कुटुंबे आपल्याच घरात अनधिकृत ठरली.

त्याच वेळी जुना, १९९३ चा विकास आराखडा संपत आला होता. नव्या मसुद्यावरून शहरात वादळ उठले, तो मागे पडला, दुसरा करावा लागला. शासनाची मंजुरी जानेवारी २०१७ मध्ये आली. कपाटांचा प्रश्न त्या नियमांनी व तडजोड शुल्काने बराचसा सुटला, परंतु अडला तो जुन्या वसाहतींच्या अरुंद रस्त्यांवर. नऊ मीटरहून कमी रुंदीच्या रस्त्यावर जादा क्षेत्र मिळेना, आणि मळेमालकांनी आखलेले आतले रस्ते सहा वा साडेसात मीटरचे. यावर तोड निघाली ती अशी : सहा मीटरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या मालकांनी दीड-दीड मीटर व साडेसात मीटरच्या रस्त्यावर पाऊण-पाऊण मीटर जागा सोडावी, म्हणजे रस्ता नऊ मीटरचा होईल. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता बहुतेक राज्यास एकच नियमावली लागू झाली. नाशिकच्या जुन्या कॉलन्यांत मात्र दीड मीटरचा हिशेब घरोघर झाला आहे. ज्या बाजूस नवी इमारत झाली तेथे कुंपण मागे सरकले. समोरच्या बंगल्याचे आहे तेथेच आहे, आणि रस्ता एका बाजूनेच रुंद झालेला दिसतो.