सीट रेल, मोटारीची : वेल्डिंग व सुरक्षितता

मोटारीची सीट तळपत्र्याला जोडणारी पोलादी चौकट. मूळ सीट काढून बकेट सीट बसवताना बाजारातील वेगळी रेल वापरतात. तिच्या पायपट्ट्या, आडवी नळी व सरकता रूळ बहुधा वेल्डिंगने जोडलेले असतात.

धडकेत सीटसह ९० किग्रॅ. वस्तुमानावर २० जी मंदन आले, तर सुमारे १७,६०० न्यूटन बल निर्माण होते. सीटबेल्टचे बकल रेलवरच असल्यास या बलाचा मोठा भाग वेल्डवर येतो. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस २०७ या मानकानुसार सीटच्या बैठकीने सीटच्या वजनाच्या २० पट बल सोसले पाहिजे; सीटला जोडलेल्या बेल्टचा भार त्याशिवाय धरला जातो.

वेल्डमधील मुख्य दोष म्हणजे धातू पुरेसा न वितळणे, वायुछिद्रे, कडेची खाच आणि अर्धवट टाके. पहिला दोष सर्वांत घातक. वरून वेल्ड गुळगुळीत दिसला तरी आत पकड नसते. वेल्ड घासून सपाट केल्यास त्याची जाडी घटते. वेल्डलगतच्या तापप्रभावित भागातही तडे जाऊ शकतात. पृष्ठभागावरील बारीक तडे रंगीत भेदक द्रवाच्या चाचणीने दिसतात.

खरेदी करताना विशिष्ट मॉडेलसाठी बनवलेली, भारचाचणीचा दाखला असलेली रेल निवडावी. अपघातात सापडलेली रेल पुन्हा वेल्ड न करता बदलावी.